अकराशे सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

बंडू, तो फोन आधी खाली ठेव. ठेव म्हणतो ना! मघाशी काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही असं वाटलं का तुला? "नावा अजून बंद असल्या तर काय झालं, माझ्या मित्राचे बाबा मोठे ऑफिसर आहेत, एक फोन करतील, नावाडी निमूट नाव काढेल." हेच म्हणालास ना? वा रे वा! विनीता पुण्याहून पाहुणी आली आहे, तिला उद्या कोजागिरीच्या चांदण्यात भेडाघाटचे संगमरवरी कडे दाखवायचे आहेत. अच्छा, दाखव. चौसष्ट योगिनीचं देऊळ दाखव, धुवांधार धबधबा दाखव, काठावर बसून पोटभर चंद्र पाहा. पण जो माणूस पाणी उतरलं नाही म्हणून नाव काढायला नाही म्हणून राहिला, त्याच्या डोक्यावर साहेबाचा फोन आपटायचा? आणि हे माझ्या घरात बसून बोलायचं?

नाही, मी चिडलो नाही. हो, चिडलो आहे. चिडणारच. बस इथे. विनीता, तूही बस बेटा. मनीषा, ते दार लोटून घे आणि ओट्यावरचं राहू दे आता. तुझ्या लेकाला, माझ्या नातवाला काय कळायचं आहे ते आज कळू दे.

चिंतामणी दाणी म्हणून माझा एक दोस्त होता. आम्ही दोघं एकाच वर्षी फॅक्टरीत लागलो. कोणत्या फॅक्टरीत ते काहून विचारतोस? जबलपुरात त्या वर्षी एकच गोष्ट बनत होती, लढाईचं सामान. सन एकाहत्तर. लढाई जाहीर झाली नव्हती, पण बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या, रविवारची सुटी गेली होती. मी फाटकावर हजेरी बाबू आणि चिंतामणी मोठ्या साहेबांच्या ऑफिसात, पाहुण्यांची ऊठबस बघायला. दिल्लीहून कोणी ना कोणी येतच होतं. दिवसा कारखाना पाहायचे आणि संध्याकाळी विचारायचे, इथे बघण्यासारखं काय आहे? मग चिंतामणीनं जीप काढायची. मदनमहाल, योगिनी, धुवांधार. त्याला सगळं तोंडपाठ होतं. नोकरी मात्र कच्ची होती. साहेबांनी मनात आणलं तर पक्की, नाही तर घरी.

आमच्या फाटकाशी एक मोठी लाकडी फळी होती. तिच्यावर नंबर टाकलेले खिळे. प्रत्येक कामगाराजवळ त्याच्या नंबराचा पितळी बिल्ला असायचा. आत येताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला लावायचा, जाताना काढून न्यायचा. खिळ्याला बिल्ला आहे म्हणजे माणूस ड्युटीवर आहे. नाही म्हणजे नाही. तोंडी काही चालत नव्हतं, बिल्ला काय म्हणतो तेच खरं. एवढं लक्षात ठेवा.

अकराशे सत्तेचाळीस नंबर फग्गू बर्मनचा होता. फग्गू म्हणजे भेडाघाटचा नावाडी. पावसाळ्यात तिथे नावा बंद असतात, आणि आम्हाला त्या वर्षी माणसं कमी पडत होती, म्हणून चार महिन्यांच्या कच्च्या पासवर तो पेट्या उचलायला लागला होता. काळा, लुकडा, आवाज मात्र असा की फाटकावर बोलला तर आतल्या शेडमध्ये ऐकू जायचा. दुपारी डबा खाताना आम्ही त्याला म्हणायचो, "फग्गू भैया, सैर करा दो." की तो जागच्या जागी वल्हं मारल्यासारखे हात करायचा आणि सुरू. "दाएँ देखिए साब, हाथी का पाँव. बाएँ देखिए, बंदरकूदनी, एक छलाँग में बंदर इस पार से उस पार." पाहुण्यांना नावेत बसवून ऐकवायची ती सगळी बोली आम्हाला फुकटात. हसून हसून पोट दुखायचं.

कोजागिरी त्या वर्षी रविवारी आली. तीन ऑक्टोबर. दुपारी चारच्या सुमारास चिंतामणी शेडमधून फग्गूला घेऊन फाटकावर आला. काम साधंच होतं, म्हणजे तसं वाटलं. दिल्लीचे तीन पाहुणे आणि मोठे साहेब रात्री चांदण्यात कडे पाहणार, फग्गूनं नाव काढायची.

फग्गू म्हणाला, "बाबू, अभी कछुए की पीठ नहीं निकली."

घाटाच्या समोर पाण्यात एक खडक आहे, त्याला ते लोक कासव म्हणायचे. पावसाळ्यात तो बुडतो. त्याची पाठ उघडी पडली की समजायचं नर्मदा निवली. मग सगळा घाट मिळून तिला नारळ आणि चुनरी देणार आणि त्यानंतर नावा निघणार. त्याआधी कोणी नाव घातली तर घाटावरची त्याची पाळी, म्हणजे सवाऱ्या न्यायचा हक्क, बंद. त्याची आणि त्याच्या घराची. त्या दिवशी कासवाचं नुसतं डोकं दिसत होतं.

चिंतामणी माझ्यासमोर त्याला म्हणाला, "साहेबांचा हुकूम आहे. नाही म्हटलंस तर उद्यापासून पास नाही." वर म्हणाला, "ड्युटीच आहे ही. तू ड्युटीवर जातो आहेस."

फग्गूनं फळीकडे बघितलं. मग म्हणाला, "ड्यूटी है तो बिल्ला टँगा रहने दो, बाबू."

आणि मग फाटकावर... थांबा. ते नंतर सांगतो. एवढंच समजा की जाताना त्यानं बिल्ला काढून कमरेला खोचला होता.

रात्री साडेनऊला नाव निघाली. चिंतामणी घाटावरच थांबला. त्यानं घातलेला पांढरा सदरा चांदण्यात उजळून दिसत होता, असं ड्रायव्हर नंतर सांगायचा. आत काय झालं ते एका पाहुण्यानं परतताना जीपमध्ये रडत रडत सांगितलं. अरुंद जागी आल्यावर फग्गू म्हणाला, साब, इथून वळू या, पाणी फिरतं आहे. साहेब म्हणाले, और आगे. पुढे गेल्यावर साहेब फोटो काढायला उभे राहिले. भरल्या नावेत उभे राहिले! नाव कलली, भोवऱ्यात फिरली आणि कड्यावर आपटली. फग्गूनं एकेकाला दंडाला धरून कपारीवर चढवलं. चौघांनाही. स्वतः तो चढतच होता. एक हात दगडावर होता त्याचा. आणि वरून साहेब ओरडले... काय ओरडले असतील?

"मेरा कैमरा!"

हुकूम ऐकायची सवय होती बिचाऱ्याला. हात सोडला त्यानं.

तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडला. बिल्ला सापडला नाही.

आता ऐका पुढे. कपारीवरच्या चौघांना चिंतामणीनं आणि ड्रायव्हरनं कड्यावरून दोर टाकून वर काढलं. माणूस मेला तो मेला. ऑफिसात कागद तयार झाला की फग्गू बर्मन त्या दिवशी ड्युटीवर नव्हता, त्यानं परस्पर, आपल्या मर्जीनं नाव काढली. पाहुण्यांचा उल्लेख नाही. साहेबांचा तर नाहीच. खाली सही चिंतामणीची. घाटावरच्या लोकांना तरी काय कळणार? ते म्हणाले, फग्गूनं लालचीपणानं मैयाचा नेम मोडला. त्याच्या घराची पाळी बंद. त्याची बायको सत्यवती दारोदार सांगून थकली की माझा माणूस हुकमावर गेला होता, असं आपणहून कोणी पाण्यात उतरणारच नाही. तिला एकच हवं होतं. फॅक्टरीतल्या कोणी तरी येऊन घाटावर एवढं म्हणावं की तो हुकमावर होता. म्हणजे त्याच्या नावावरचा डाग जाईल आणि दिराला ती नाव पुन्हा पाण्यात घालता येईल. कोणी गेलं नाही. इतकी माणसं आम्ही, त्याची बोली ऐकून हसणारी. एक जण गेला नाही. थू आमच्या जिंदगीवर!

दोन महिने गेले. तीन डिसेंबर, शुक्रवार. साहेबांनी चिंतामणीला बोलावून दुसरा कागद दिला. माझा नवरा आपल्या मर्जीनं गेला, माझी काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलेलं. बाईचा अंगठा घेऊन ये, सोमवारी तुझ्या पक्क्या नोकरीचा हुकूम काढतो.

चारला सुटल्यावर चिंतामणी सायकलवर निघाला. वाटेवरचं तेवर गाव गाठेपर्यंत अंधार पडला. घाटावर पोचला तेव्हा सात वाजले असतील. सत्यवतीनं त्याला दारात बसवलं, पाणी दिलं, कागद वाचून दाखवायला सांगितलं. त्यानं वाचला. तिनं अंगठा दिला नाही. शिवी पण दिली नाही. म्हणाली, "बाबू, तुम तो वहीं खड़े थे." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

हा बाहेर बसून राहिला. तासभर, दोन तास. थंडी वाजायला लागली. परत जायला हवं होतं, पण बिनअंगठ्याचा कागद घेऊन साहेबांपुढे जायची हिंमत नव्हती. नऊच्या पुढे असेल... आणि घाटावरचे दिवे गेले. सगळे. घरातले कंदीलसुद्धा लोकांनी फुंकून टाकले. लढाई सुरू झाली होती, कोणी तरी रेडिओवर ऐकून काळोख करा म्हणून सांगत गेलं होतं. चिंतामणीला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की बघता बघता सगळं गाव विझलं.

पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली. चंद्र भरपूर होता. समोरचे कडे दुधासारखे पांढरे.

वाळूवर फग्गूची नाव, अपघातानंतर ओढून आणलेली, पालथी पडलेली असायची. पाळी बंद, म्हणून दोन महिने कोणी हात लावला नव्हता तिला. येताना त्यानं ती पाहिली होती.

आता ती तिथे नव्हती.

वाळूत ओढल्याची खूण होती. थेट पाण्यापर्यंत. पावलं मात्र नव्हती. एकही नाही.

त्याला वाटलं, उठावं आणि सायकल घ्यावी. सायकलीकडे वळला. आणि मग... कड्यांच्या आतून आवाज आला.

"दाएँ देखिए साब..."

तोच आवाज. डब्याच्या वेळचा. मोकळा, खणखणीत.

"दाएँ देखिए, हाथी का पाँव. बाएँ देखिए, बंदरकूदनी..."

वल्ह्याचा आवाज नाही. पाण्याचा नाही. नुसती बोली. जवळ येत होती.

"यहाँ देखिए साब... यहाँ हमने कहा था, पानी फिर रहा है."

मग आणखी जवळून.

"यहाँ देखिए... यहाँ साब ने कहा, और आगे."

चिंतामणीनं कानांवर हात ठेवले. उपयोग झाला नाही. तसाच ऐकू येत राहिला.

"यहाँ चट्टान है साब. चार आदमी बैठे थे... पाँचवें का हाथ यहाँ था."

नाव वळणावरून बाहेर आली. सावकाश. चांदण्यात स्वच्छ दिसत होती. रिकामी. आत कोणीच नव्हतं. वल्ही आडवी ठेवलेली... आणि त्यांच्यावरून पाणी गळत होतं.

"ऊपर देखिए, चाँद. चाँद दिखाने लाए थे."

नाव घाटासमोर येऊन थांबली. वाहत्या पाण्यात. थांबली.

"और घाट पर देखिए साब... वो सफ़ेद कमीज़ में जो खड़े हैं... वो हमारे बाबू हैं."

...

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मग आवाज आला, अगदी हळू, बाजूला बसून विचारावं तसा.

"बाबू... हम ड्यूटी पे थे कि नहीं?"

चिंतामणीनं कानांवरचे हात काढले. दोन महिने जे साहेबांपुढे, सत्यवतीपुढे, कुणापुढेच तोंडातून निघालं नव्हतं, ते निघालं.

"थे."

"तो बिल्ला टाँग दें?"

"...टाँग दो."

नाव होती तिथे नव्हती. डोळ्यांची पापणी लवली असेल तेवढंच. वाळूवर पालथी पडलेली, जशी येताना पाहिली होती तशी. त्यानं तिला हात लावला. खालून वरून ओली होती.

घाबरू नकोस, विनीता. हात धर माझा. आता माझं ऐक. मघाशी नंतर सांगतो म्हणालो ते.

चार डिसेंबरला पहाटे पावणेसहाला मी फाटकावर गेलो. लढाईचा पहिला दिवस. शिपाई दुप्पट, बंदुका भरलेल्या. काळोख करायचा म्हणून रात्रपाळी दहालाच सोडली होती, त्यानंतर पाखरू आत गेलं नव्हतं. मी फळीवरचा पडदा वर केला. सगळे खिळे रिकामे.

एक सोडून.

अकराशे सत्तेचाळीस. बिल्ला लटकत होता. खालच्या फळीवर पाण्याचा ओघळ आला होता आणि जमिनीवर थेंब पडत होते. टप. टप. बिल्ल्याला पांढरी रेती चिकटलेली होती.

मी मागे सरकलो तर चिंतामणी. रात्रभर सायकल हातात धरून चालत आला होता. त्यानं फळीकडे पाहिलं आणि मला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं, शब्दाला शब्द. म्हणाला, "रामराव, काढू नकोस तो. भोंगा होऊ दे. हजेरी लाव त्याची. तू लावलीस की झालं, मग कोणाच्या बापाला खोडता येणार नाही."

बाहेर पहिल्या पाळीचे लोक जमायला लागले होते. ते बघत होते. नंबर ओळखत होते. भोंग्याला पाच मिनिटं होती, आणि साहेबांची गाडी आली. काच खाली केली त्यांनी. फळीकडे बघितलं. तोंड पांढरंफटक पडलं, पण आवाज साहेबाचाच होता. म्हणाले, "रामराव, उतारो उसे."

आणि मी उतरवला.

काहून म्हणून विचार ना, बंडू! विचार! मीही विचारतो, रोज. बंदूक लावली होती का मला कोणी? नव्हती. मला फक्त हुकूम झाला. आणि ऐका, हे पहिल्यांदा नव्हतं झालं. कोजागिरीला फाटकावर तो म्हणाला होता ना, बिल्ला टांगलेला राहू दे? तेव्हा मीच म्हणालो होतो, "निकाल ले फग्गू, नहीं तो कल मुझसे पूछताछ होगी." मीच. हसत हसत म्हणालो होतो. खिळ्याला बिल्ला राहिला असता तर कोणाची छाती होती तो ड्युटीवर नव्हता म्हणायची? दोन वेळा त्यानं लावला आणि दोन्ही वेळा मी काढायला लावला... काढला.

चिंतामणीनं तो बिनअंगठ्याचा कागद साहेबांच्या गाडीसमोर फाडला. त्याच पावली उलटा फिरला आणि भेडाघाटला गेला. सगळ्या घाटापुढे उभा राहून म्हणाला, फग्गूला मी नेलं, हुकमावर नेलं, तो नाही म्हणत होता. मार खायची तयारी ठेवून गेला होता. कोणी मारलं नाही. सत्यवतीच्या घराची पाळी परत मिळाली, दिरानं नाव पाण्यात घातली. चिंतामणीची नोकरी गेली. शहपुऱ्याच्या बाजारात टाइपरायटर घेऊन बसायचा, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. गेला तेव्हा झोपेत गेला, शांत. मी होतो तिथे.

आणि मी? मी पूर्ण नोकरी केली. निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, घड्याळ मिळालं. अधारतालला हे घर बांधलं. साहेबांना तर बढती मिळाली. कोणाचं काही वाकडं झालं नाही. भुताची गोष्ट म्हणून लोक ऐकतात आणि विचारतात, मग त्यानं सूड घेतला का? अरे, त्याला सूड नको होता रे! त्याला हजेरी हवी होती. एवढीच. आणि ती माझ्या हातात होती.

मनीषा, माझ्या कपाटात खालच्या खणात चहाचा जुना डबा आहे, तो आण जरा. आण, भिऊ नकोस.

हा बघ. रुमालात बांधला आहे. उन्हात ठेवला, तांदळात पुरून ठेवला, एकदा चुलीच्या निखाऱ्यावर धरला होता. घाटावर गेलो होतो एकदा परत करायला. सत्यवती म्हातारी झाली होती तेव्हा. म्हणाली, हे मला देऊन काय उपयोग, जिथे लावायचा होता तिथे लावला नाहीत तुम्ही. ती फळी तर केव्हाच मोडून टाकली. आता कुठे लावू?

बंडू, हात पुढे कर. घे. नंबर वाच.

काय झालं? काय म्हणालास?

...हो. ओला आहे.

राहू दे, हात पुसू नकोस लगेच. आणि तो तुझा फोन वाजून राहिला आहे, मित्राचा असेल. उचल आणि सांग त्याला, की नावाडी नाही म्हणाला आहे.